चौथी बाई

"दिलं का जी त्या बाईले उत्तर?"

रामबाईंनी दारातूनच विचारलं. हातात लाखोळीच्या डाळीचं ताट होतं आणि बोटं खडे शोधत होती.

"देतो," रेवाराम गुरुजी म्हणाले.

नवऱ्याचं हे 'देतो' रामबाई होळीपासून ऐकत होत्या. त्यांनी एक खडा अंगणात भिरकावला आणि आत गेल्या. गुरुजी पुन्हा चित्राकडे पाहू लागले. पत्र रंगाच्या डब्याखाली होतं. ते तिथं आहे हे ठाऊक असल्यामुळे गुरुजी हल्ली तो डबा उचलत नसत.

पत्र वहीच्या आखीव पानावर लिहिलेलं होतं. अक्षर त्या बाईच्या नातीचं, कॉलेजात शिकणाऱ्या रिंकीचं. वर 'श्री', मग 'आदरणीय गुरुजी यांस सविनय नमस्कार, विनंती विशेष' असं शाळेत शिकवलेलं सगळं यथासांग होतं. आणि मग नातीच्या हातातलं पेन आजीनं ओढून घ्यावं तसा एकाएकी आजीचाच आवाज सुरू झाला होता: 'मी जिती आहो. तुमी माह्या फोटोले हार घातला. आता मले त्या फोटोतून काढून टाका, आन काढलं असं कागदावर लिहून पाठवा. फोन नोको. वैशाखात रिंकीचं लगन आहे, त्याच्या आंदी पाठवा.' खाली निळ्या शाईत अंगठा.

आयुष्यभर पुस्तकं वाचलेल्या माणसाला एवढ्याशा पत्राचं उत्तर जड का जावं? गुरुजींना स्वतःलाच कळत नव्हतं. पण जड गेलं खरं.

नोकरीत असताना गुरुजी बोदलकसा तलावाकडच्या एका गावी हायस्कुलात ड्रॉइंग शिकवत. भाड्याची खोली होती आणि तिची एकुलती एक खिडकी समोरच्या अंगणात उघडत होती. हिवाळ्यात ऊन अंगणात उतरलं की चार बाया तिथं बिड्या वळायला येऊन बसत. मांडीवर सूप, सुपात जर्दा, भिजवून कापलेली तेंदूची पानं, बाजूला दोऱ्याची रीळ. पान घेतलं, जर्दा भरला, वळलं, दोरा गुंडाळला, नखानं तोंड दुमडलं. हात जेवढे चालत त्याच्या दुप्पट तोंडं चालत. सासवा, नवरे, गावचा सरपंच, कुणी म्हणता कुणी सुटत नसे.

गुरुजींना बायांशी बोलायची लाज. ते खिडकीच्या पडद्याआडून रेखाटत. ही चोरी लपून राहणारी नव्हतीच.

"काऊन जी गुरुजी, पडद्यामांगून काय पाहून राहिले?" एके दिवशी एकीनं हटकलं. "पाहाची तं एखांदी जवान पाहा. इथं चारही बुड्या आहोत."

"चित्र काढून राहिले असन वो."

"मंग माह्या नाकात नथ काढा जी, सोन्याची. माह्या बुड्याच्यानं तं ह्या जन्मात होत नाही."

ही नथ मागणारी अनुसया. एक गुडघा वर घेऊन बसायची, दोरा दातात धरून तसाच बोलायची, आणि बोलताना दोरा कधी तुटत नसे.

त्या रेखाटनांतून गुरुजींनी एक मोठं तैलचित्र केलं. त्यांनी ते कुणाकडे शिकून केलं नाही. शहरात लोक कशी नवी चित्रं काढतात हे त्यांनी मासिकांच्या पानांवर पाहिलं होतं, तेवढीच शिदोरी. पिवळी भिंत, पिवळंच अंगण, त्यात चार बाया. तोंडं जवळजवळ नाहीतच, नुसते गव्हाळ डाग. हात मात्र अंगाच्या मानानं फार मोठे. गावकऱ्यांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, हात काऊन मुसळासारखे झाले जी?"  आपलं चुकलंच असेल असं गुरुजींना वाटलं. ते त्यांना बहुतेक गोष्टींबद्दल वाटत असे.

त्या चौघींतल्या तिघी कुणीही असू शकल्या असत्या. चौथी मात्र आंधळ्यानंही ओळखली असती. वर घेतलेला गुडघा, आणि दातांपासून बोटांपर्यंत ताणलेली पांढरी रेघ. ती अनुसयाच.

निवृत्त होताना गुरुजींनी चित्र शाळेला देऊन टाकलं. ते सभागृहात लागलं आणि मुलांनी खालच्या कोपऱ्यात कर्कटकानं आपापली नावं कोरली. मधल्या वर्षांत त्यातल्या तीन बाया एकीमागून एक गेल्या. जर्द्यानं छाती खाल्ली, असं गावात म्हणत. अनुसया तेवढी राहिली. नवरा बिसराम अंथरुणाला खिळलेला, मुलगा धनेंद्र दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर, आणि ती अजूनही त्याच अंगणात, आता एकटीच, सूप मांडीवर घेऊन.

मग गेल्या वर्षीचा तो महिला दिन.

शाळेनं गुरुजींना आमगावहून प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. शाळा समितीचा अध्यक्ष इंद्रकुमार हा धानाचा व्यापारी. मोठ्या आवाजाचा, मनानं वाईट नसलेला, पण माइक हातात आला की स्वतःला आवरता न येणारा. स्टेजवर ताट तयार होतं. हार, कुंकू, समई, नारळ, सगळं होतं. नव्हती ती प्रतिमा. ज्या प्रतिमेचं पूजन व्हायचं ती हेडमास्तरांच्या कपाटात होती आणि कपाटाची चावी घेऊन शिपाई कुणाच्या तरी साक्षगंधाला गेला होता. आता प्रतिमापूजनाशिवाय कार्यक्रम सुरू कसा व्हायचा? इंद्रकुमारनं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर भिंतीवर गेली.

"अरे, ही आहे ना! श्रम करणारी नारी! याच्यापेक्षा मोठी प्रतिमा कोणती? उतरवा रे, उतरवा. गुरुजी, तुमच्याच हातानं होऊन जाऊ द्या!"

चित्र खुर्चीवर टेकवलं गेलं. गुरुजींच्या हातात हार आला. समोर सतरंजीवर, बायांच्या पहिल्याच ओळीत अनुसयाबाई बसली होती. धुतलेलं हिरवं लुगडं नेसून ती आली होती, आपल्या चित्राचे गुरुजी येणार म्हणून.

"पण ह्यातली एक..." गुरुजी म्हणाले.

"लाजू नका गुरुजी!" इंद्रकुमार माइकवरून म्हणाला आणि टाळ्या पडल्या.

गुरुजींनी हार घातला. एकच हार चौघींना पुरला. मग अंगठ्याला कुंकू लावून त्यांनी एकेका गव्हाळ डागावर टेकवलं. चौथ्या डागापाशी अंगठा थांबला. सगळी शाळा पाहत होती. अंगठा टेकला.

इंद्रकुमारला तीन बाया गेल्याचं माहीत होतं, आणि त्यानं मनातल्या मनात बेरीज पूर्ण करून टाकली. "ह्या आपल्या गावच्या माउल्या," तो जड आवाजात म्हणाला, "आज आपल्यात नाहीत. आपण सगळे दोन मिनिटं उभे राहून त्यांना श्रद्धांजली वाहू."

सगळे उभे राहिले. अनुसयाबाईही उभी राहिली. मेलेल्या सख्यांसाठी तिनं हात जोडले, डोळेसुद्धा मिटले. त्या शांततेत मागून कुण्या बाईचा आवाज आला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतका:

"वो अनुसया, तू कायले उभी राहिली? तू तं वरते आहेस!"

कुणीतरी खुसखुसलं. मग श्रद्धांजली हसण्यात फुटली. मुलं हसली, मास्तर तोंडावर रुमाल धरून हसले, आणि अनुसयाबाईही हसली. गुरुजींना तिचं ते हसणं चांगलं आठवत होतं, कारण त्यांनी त्यावर स्वतःची सुटका करून घेतली होती. ती हसली ना, म्हणजे काही बिघडलं नाही.

चित्र परत भिंतीवर गेलं. हार वाळला तरी कुणी काढला नाही. मुलं तिच्या अंगणावरून शाळेत जाताना भूत, भूत म्हणून पळू लागली.

हे सगळं गुरुजींना फार उशिरा कळलं. त्याआधी दुसरंच घडलं. एका जुन्या विद्यार्थ्यानं चित्राचा फोटो नागपूरच्या एका कलासंस्थेला पाठवला आणि संस्थेनं ते वार्षिक प्रदर्शनासाठी निवडलं. साठी उलटलेल्या माणसाची पहिली निवड. गुरुजींनी शाळेकडून चित्र मागून आणलं, वाळका हार काढला, कुंकू पुसलं. तिघींच्या कपाळावरचं निघालं. अनुसयाबाईच्या कपाळावर गव्हाळ रंगात तांबूस डाग राहिलाच. त्याच आठवड्यात तिचं पत्र आलं.

उत्तर येत नाही असं पाहून चैत्रात एके दुपारी ती स्वतःच आली. तिरोड्याहून पॅसेंजर गाडीनं, रिंकीला सोबत घेऊन, पत्ता विचारत विचारत.

रामबाईंनी खुर्ची सरकवली. अनुसयाबाई खाली भिंतीला टेकून बसली, एक गुडघा वर घेऊन.

"पत्र भेटलं का जी?"

"भेटलं," गुरुजी म्हणाले. "मी लिहिणारच होतो."

"मले वाटलं, पोट्टीनं पत्ता चुकवला. रस्ताभर तिच्यावर बोंबलत आली." ती रामबाईंकडे वळली. "बाई, तुमचे गुरुजी लय चांगले माणूस जी. पन त्यायनं मले जितेपनी मारलं."

"आजी!" रिंकी म्हणाली.

"खोटं आहे का? सांग ना मंग तूच."

रिंकी सांगू लागली आणि आजी मध्ये मध्ये तिच्या हातून गोष्ट हिसकावून घेऊ लागली. सुरुवातीला नुसती मस्करी होती. सट्टेदार उदाराम, ज्याच्याकडे गावच्या बाया वळलेल्या बिड्या नेऊन देत, तो तिची बिडी हातात घेऊन म्हणे, मेलेल्या हातची बिडी पेटत नाही वो, आणि सगळ्यांसमोर चुरून सुपात टाके. चांगली बिडी असली तरी. बाकीच्या बाया हसत, कारण हसल्या नसत्या तर पुढची चुरलेली बिडी त्यांची असती.

"घरी बुडा तरी काय कमी आहे!" अनुसयाबाई म्हणाली. "खाटेवरून उठता येत नाही, पन जीभ चालते. मले म्हणते, पहिले तुयी तेरवी करू का माही? तुयी तं हार घालून झाली, माहा खर्च वाचला."

रामबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते पदरात दाबलं. अनुसयाबाई स्वतःही हसली, आणि हसता हसता खोकली. खोकला बराच वेळ चालला.

मग मस्करीची गोष्ट राहिली नाही. शेजारच्या लग्नात तिला हळदीला बोलावलं नाही. कुणाच्या बारशाला गेली तर बाळाच्या आजीनं बाळ आत नेलं. आणि आता रिंकीचं जमलं होतं, कोहमाऱ्याला, ढाबा असलेल्या घरी. नवरदेवाच्या आजीच्या कानावर ही गोष्ट गेली आणि तिचा निरोप आला. हार पडलेल्या बाईचा हात आमच्या सुनेच्या हळदीला लागता कामा नये. पहिले तो फोटो मोडा, मग काय ते बोला.

"माह्या पोरानं का म्हटलं मालूम आहे? धनेंद्रनं? माय, लगनाचे दोन दिवस कोठ्यात बस. वरात गेली का ये." बैलं विकल्यापासून कोठ्यात लाकडं आणि शेणाच्या गोवऱ्याच असत, हेही तिनं सांगितलं. "ह्या पोट्टीले मी वाढवलं जी. इची माय बाळंतपनात गेली. आन इच्या आंगाले हळद दुसरीनं लावाची?"

रिंकी जमिनीकडे पाहत होती.

"दाखवा," अनुसयाबाई म्हणाली. "आना कुठी आहे तो फोटो."

आतल्या खोलीत चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं. अनुसयाबाईनं ते इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. ती वाकली. तिघींवरून बोट फिरवत तिनं त्यांची नावं घेतली, फुलवंता, सगन, देवका, आणि ती बरोबर होती. मग स्वतःपाशी आली.

"हात मोठे काढले जी तुमी."

"हो."

"बरं केलं. तोंडापेक्षा तेच कामाचे होते." ती उभी राहिली. "पुसा आता."

"हे पुसलं जात नाही, बाई. तेलाचा रंग आहे. वरून रंगवावं लागेल."

"मंग रंगवा ना. रंगाची का कमी आहे तुमच्याजवर?"

गुरुजी घुटमळले. खिशातला रुमाल त्यांनी काढला आणि परत ठेवला. "हे चित्र नागपूरला निवडलं आहे. मोठ्या प्रदर्शनात. त्यांनी निवडलं ते चौघींचं. मी आता बदललं तर..."

"त्या तिघीयले घेऊन जा. त्यायले का फरक पडते?"

"तसं नसतं, बाई. चित्रात एक काढलं की सगळं हलतं."

"माह्या घरातनी सगळं हललंच आहे जी."

रामबाई नवऱ्याकडे पाहत होत्या. गुरुजींना त्या पाहण्याचा त्रास झाला.

"विचार करतो," ते म्हणाले.

अनुसयाबाईनं मान हलवली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं चहाचा कप स्वतः विसळून उपडा ठेवला आणि पायरीवर जाऊन चप्पल घालू लागली. रिंकी दारात मागे रेंगाळली.

"सर, तुम्ही नाही करणार ना?"

"करणार नाही असं कुठं म्हटलं मी?"

"विचार करतो म्हणालात." तिनं आजीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "फक्त कागद पाठवा, सर. चित्रातून काढलं एवढंच लिहा. खोटं लिहिलं तरी चालेल. आमच्याकडून कोण येतंय नागपूरला चित्र पाहायला? कोहमाऱ्याच्या आजीला कागद दाखवायचा, बस. पण पाठवा."

खोटं लिहिणं गुरुजींना जमणारं नव्हतं. आयुष्यभर मुलांना त्यांनी तेच शिकवलं होतं आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. त्या अभिमानाची किंमत दुसरं कुणी भरेल हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पण एका बाजारच्या दिवशी, रामबाई भाजी आणायला गेल्या असताना, ते उठले. त्यांनी पिवळा, गेरू आणि पांढरा पाटीवर घेतला आणि भिंतीचा तो जुना रंग मिसळायला बसले. जमेल की नाही याची धाकधूक होती, पण रंग पहिल्याच फटक्यात जमला. त्यांनी आधी कपाळावरचा तांबूस डाग झाकला. मग गव्हाळ तोंड, मग खांदा, मग वर घेतलेला गुडघा. हात झाकताना जास्त रंग लागला. दातांपासून बोटांपर्यंतची पांढरी रेघ शेवटी गेली. सूप त्यांनी राहू दिलं. रिकामं सूप, अंगणात टेकवलेलं.

ते भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे सरकले.

चित्र चांगलं झालं होतं. पूर्वी चार बाया चार कोपऱ्यांना ओढत होत्या; आता तिघी मिळून एका जागेकडे वळल्या होत्या आणि त्या जागेत ऊन तेवढं बसलं होतं. इतक्या वर्षांत जे आपल्याला साधलं नाही, जे मासिकांतल्या चित्रांत पाहून आपण झुरत राहिलो, ते हे. ते एका बाईला काढून टाकल्यावर आलं.

रामबाई पिशवी घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"आता पाहावंसं वाटते जी," त्या म्हणाल्या. मग स्वतःच्याच बोलण्याचं वाईट वाटून म्हणाल्या, "चला, बाईचं काम झालं. आजच कागद टाका."

"टाकतो."

लग्नाला तेव्हा भरपूर अवकाश होता. गुरुजी लिहायला बसलेही. 'आपल्या विनंतीस अनुसरून' असं लिहिलं तर ते पंचायत समितीचं पत्र वाटलं. दुसऱ्या कागदावर क्षमा मागितली; ती वाचताना त्यांना वाटलं, क्षमा मागून आपण तिच्याकडून आणखी काहीतरी मागतो आहोत. तिसरा कागद लांबत लांबत चित्रकलेवर गेला. तोही फाडला. चांगलं झालं आहे हे सांगावं की न सांगावं? न सांगणं म्हणजे लपवणं. सांगणं म्हणजे तिच्या तोंडावर म्हणणं, की तू नसलीस तेच बरं. आणि त्याखाली आणखी एक भीती होती, जी त्यांनी नीट पाहिली नाही. पत्र गावात फिरणार, इंद्रकुमार ते वाचणार, शाळेचं चित्र गुरुजींनी परस्पर बदललं म्हणून बोंब होणार, ती नागपूरपर्यंत जाणार. प्रदर्शन होऊन जाऊ द्यावं. मग शांतपणे, नीट शब्दांत लिहावं.

नागपूरची गाडी आली आणि चित्र घेऊन गेली.

प्रदर्शनात गुरुजी आपल्याच चित्रापासून लांब, एका खांबाजवळ उभे राहिले. लोक थांबत होते. चित्रासमोर आल्यावर आवाज खाली करत होते. केस बारीक कापलेल्या एका प्राध्यापक बाई त्यांना शोधत आल्या.

"ही रिकामी जागा," त्या म्हणाल्या, "हे काम करण्यासाठी धैर्य लागतं. किती वर्षं लागली तुम्हाला इथवर यायला?"

"एका दुपारी बसलो होतो," गुरुजी म्हणाले.

बाईंना तो विनय वाटला. त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं, आणि रविवारी एका वर्तमानपत्रात चित्राच्या फोटोखाली ते छापून आलं. गुरुजींनी अंक विकत घेतला आणि घडी करून पिशवीत ठेवला. परतीच्या गाडीत समोरच्या बाकावर हळदीनं पिवळी झालेली एक नवी नवरी बसली होती, हातात काकणं, मांडीवर झोपलेली धाकटी बहीण. गुरुजी तिच्या हातांकडे पाहत राहिले, आणि गोंदिया येईपर्यंत त्यांनी तारखा मोजायचं टाळलं.

घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी फोन वाजला.

"गुरुजी! इंद्रकुमार बोलून राहिलो! पेपरात फोटो पाहिला जी, अभिनंदन! शाळेचं नाव रोशन केलं तुमी. पन एक सांगा, आपली बुडी कुठी गेली त्यातली?"

"काढली," गुरुजी म्हणाले.

"कधी जी?"

"चैत्रात."

 इंद्रकुमार हसला, पण त्याचं नेहमीचं हसणं नव्हतं.

"बापा रे. मंग सांगाचं ना जी. बुडी रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभी राहात होती. गुरुजीचा कागद येनार, गुरुजीचा कागद येनार, सगळ्याले सांगून ठेवलं तिनं. पोट्टे तिले चिडवत, आला का वो आजी कागद वरतून? माह्याही तोंडून एकडाव निघून गेलं, खोटं कायले बोलू."

"लग्न?"

"झालं ना परवा. मस्त झालं. डीजे, दोन भाज्या, जिलेबी. कोहमाऱ्याचे लोक पैसेवाले आहेत."

"आणि अनुसयाबाई?"

"कोठ्यात होती जी. धनेंद्रनं बाहेरून कडी घातली, मधातच निघून आली तं तमाशा होईन म्हणून. आमी जेवाले बसलो तं मी मांगून डोकावलो. गोवऱ्याच्या ढिगाजवर बसून बिड्या वळून राहिली होती. म्हटलं, आजी, आज तरी राहू दे. तं म्हणते, हात रिकामे राहिले तं दारावर मारतीन." तो थांबला. "पोट्टी जातानी पाया पडाले तिकडे जाऊन राहिली होती, तं कोहमाऱ्याच्या बुडीनं हात धरून गाडीत बसवलं. जाऊ द्या. तुमी सत्काराची तारीख सांगा जी. शाळेत ठेवू, मोठा करू. फोटो तोच आना, नवा."

गुरुजींनी फोन ठेवला. रामबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. इंद्रकुमारचा आवाज असा होता, की त्यांना वेगळं काही सांगावं लागलं नाही.  आत जाऊन त्यांनी भाकरी थापायला घेतली, आणि ताट वाढून त्या परत आत निघून गेल्या.

दुपारी गुरुजींनी कागद घेतला. ह्या वेळी शब्द शोधावे लागले नाहीत.

'अनुसयाबाई यांस नमस्कार. तुम्हाला चित्रातून काढलं आहे. रेवाराम कटरे.'

तारीख घालताना पेन थांबलं. रंगवलं त्या दिवसाची घालावी, की आजची? रंगवलं त्या दिवसाची घातली असती तर ते खरंच ठरलं असतं, आणि कागद टपालात अडकला असंही कुणाला वाटलं असतं. गुरुजींनी आजची तारीख घातली.

आमगावचं पोस्ट दुपारी सुस्तावलेलं असतं. काउंटरमागच्या मुलीनं पाकीट हातात घेऊन पत्ता वाचला.

"तिकडेच का, तिरोड्याच्या? स्पीड पोस्ट करू का जी? लवकर भेटन."

"नको," गुरुजी म्हणाले. "साधंच करा."

तिनं तिकीट लावलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. गुरुजी काउंटरवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"आनखी काही आहे का जी?" मुलीनं विचारलं.

"नाही," गुरुजी म्हणाले, आणि मागच्या माणसाला जागा करून देण्यासाठी बाजूला सरकले.